किमान वेतन ठरवताना मालक लोक फक्त 'कमी ठेवा' एवढंच म्हणतात का?

प्रश्नकर्त्यानं विचारलंय की राष्ट्रीय किमान वेतन कसं ठरावं, यावर मालकांचं म्हणणं काय असतं आणि ते दर पाडायलाच बसलेले असतात का.

सगळे नाही. इंदूरच्या सांवेर रोडवरच्या छोट्या कारखानदाराला विचारा, तो आधी तारखेबद्दल तक्रार करेल. 1948च्या किमान वेतन कायद्यानुसार दर पाच वर्षांच्या आत दरांचा फेरविचार व्हायला हवा होता. मध्य प्रदेशात 2014 नंतर तो झाला थेट 1 एप्रिल 2024ला. अकुशल कामगाराचा महिन्याचा दर एका झटक्यात 1,625 रुपयांनी वाढून 11,800 झाला, उच्चकुशलचा 2,434नं वाढून 16,144. मे महिन्यात उद्योजकांच्या याचिकेवर हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठानं स्थगिती दिली आणि दर पुन्हा खाली आले. डिसेंबरात स्थगिती उठली.

असा मागचा फरक एकदम द्यायचा झाला की पगारपत्रकाचं काय होतं ते बघा. 40 अकुशल कामगार आणि दहा महिन्यांचा फरक धरला तर 6,50,000 रुपये एरियर, म्हणजे थकबाकी. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ, शुल्क धरून 13 टक्के, म्हणजे 84,500. ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, 3.25 टक्के, 21,125. एकूण 7,55,625. जॉबवर्कची, म्हणजे दुसऱ्या कंपनीला करून दिलेल्या कामाची, बिलं मात्र जुन्या भावानं कधीच फाडून झालेली असतात, काम देणारी पार्टी मागचा फरक देत नाही. मधल्या काळात सोडून गेलेल्यांचे हिशेब पुन्हा उघडायचे, मस्टरवरून (हजेरीपटावरून) हजेरी काढायची, बंद झालेली बँक खाती शोधायची. ठेकेदार गायब झाला तर त्याच्या माणसांची भरपाईही मूळ मालकाच्या गळ्यात. हाच पैसा दोन-दोन वर्षांनी थोडा थोडा वाढला असता तर भावात बसला असता, आणि कामगारालाही दहा वर्षं थांबावं लागलं नसतं.

किमान वेतन काढायच्या सूत्राबद्दल म्हणाल तर ते 1957च्या भारतीय श्रम परिषदेपासून ठरलेलं आहे: तीन उपभोग एकक (कमावत्याचं कुटुंब म्हणजे तीन मोठ्या माणसांचा खप), माणशी रोज 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 यार्ड कापड, घरभाडं, इंधन-दिव्याला 20 टक्के. सुप्रीम कोर्टानं 1991मध्ये शिक्षण, औषधपाण्यासाठी 25 टक्के जोडले. मालकांचा रास्त मुद्दा एवढाच की भाव कुठल्या गावचे धरणार? मुंबईचं भाडं आणि देवासचं भाडं एक नाही. 21 नोव्हेंबर 2025ला लागू झालेल्या वेतन संहितेत, म्हणजे वेतनाच्या नव्या कायद्यात, केंद्रानं तळ-वेतन ठरवायचं आहे. ते प्रदेशानुसार वेगळं ठेवता येतं, राज्याला त्याखाली जाता येत नाही आणि आधीच जास्त असलेला दर कमीही करता येत नाही. 2019च्या तज्ज्ञ समितीनं दिवसाला 375, म्हणजे महिन्याला 9,750 सुचवले होते. इंदूरचा अकुशल दर त्याच्या वरच आहे, मग 'राष्ट्रीय दर आला की बुडालो' ही ओरड इथे कशाला?

आणि 'आमची ऐपत बघा' हे पालुपद आता सोडाच. किमान वेतनाला मालकाची ऐपत लागू नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1961मध्येच सांगितलं. जो दर पोटापुरता आहे तोही झेपत नसेल तर धंदा चुकीच्या भावात चाललाय. बैठकीत हे बोलणारे बाकीच्यांचा रास्त मुद्दाही घालवतात.

त्यापेक्षा नव्या दरांचा मसुदा निघाल्यावर हरकतींसाठी मिळणारे दोन महिने वापरा. हरकतीत नगामागे मजुरी किती पडते ते लिहा, कुठलं काम अर्धकुशलमध्ये चुकून टाकलंय ते नावानिशी दाखवा, आणि महागाई भत्ता एप्रिल-ऑक्टोबरला वेळेवर जाहीर करा अशी मागणी ठेवा. नुसतं 'दर जास्त आहे' लिहिलेला कागद फायलीत जातो.

हे सगळं वीस ते पन्नास माणसांच्या कारखान्यांबद्दल आहे. मोठ्या मिलचं किंवा हॉटेलचं गणित वेगळं. आणि नव्या संहितेत वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरची रक्कम वेतनात धरली जाते, म्हणून बेसिक (मूळ पगार) पाडून भत्ते फुगवलेली जुनी पगार-स्लिप असेल तर आधी ती दुरुस्त करा.