प्राइम लेन्स घ्यावी, पण कोणती आणि कोणत्या पैशातून?

आपल्या पत्राचा आशय थोडक्यात असा आहे. आपल्याकडे एपीएस-सी (तुलनेने लहान) सेन्सरचा डीएसएलआर (आत आरसा असलेला) कॅमेरा आणि त्यासोबत आलेली 18-55 मिमीची किट लेन्स आहे. घरात, संध्याकाळच्या उजेडात मुलांचे फोटो एकतर हललेले येतात किंवा दाणेदार येतात, म्हणून आपल्याला 50 मिमीची प्राइम लेन्स, म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लांबीची लेन्स घ्यायची आहे (हा मिमीतला आकडा जितका मोठा, तितके दृश्य अरुंद). एफ/1.8, एफ/1.4 आणि एफ/1.2 (एफ आकडा जितका लहान, तितकी लेन्स अधिक उघडते) यांपैकी आपला ओढा एफ/1.2 कडे आहे, कारण एकदाच घ्यायची तर उत्तम घ्यावी असे आपल्याला वाटते. विक्रेता ती 12 बिनव्याजी हप्त्यांत द्यायला तयार आहे. आपत्कालीन निधी मात्र ठरवलेल्या सहा महिन्यांच्या खर्चाऐवजी सध्या तीन महिन्यांपुरताच साठला आहे, आणि फोटोग्राफीतून अद्याप उत्पन्न नाही.

माझे मत आधीच सांगतो. लेन्स जरूर घ्यावी, कारण आपली अडचण खरी आहे आणि ती लेन्सनेच सुटणारी आहे. परंतु ती एफ/1.8 ची असावी, रोख पैशातून घ्यावी, आणि घेण्यापूर्वी 50 मिमी हवी की 35 मिमी याचा निर्णय करावा.

लेन्समधून येणारा प्रकाश एफ आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. आपली किट लेन्स 50 मिमीच्या आसपास फार तर एफ/5.6 पर्यंत उघडत असणार. तिच्या तुलनेत एफ/1.8 ची लेन्स जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे आज आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता; ती वाढवली की फोटो दाणेदार होतो) 6400 लावावा लागतो तिथे तोच शटर वेग ठेवून 640 पुरेल, किंवा आयएसओ तसाच ठेवून 1/15 सेकंदाऐवजी 1/125 सेकंदाने फोटो घेता येईल. खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा फरक फोटो मिळण्या-न मिळण्याचा आहे. यापुढच्या पायऱ्या मात्र लहान होत जातात. एफ/1.8 वरून एफ/1.4 वर गेल्यास प्रकाश सुमारे 1.65 पट होतो आणि एफ/1.2 वर गेल्यास सव्वादोन पट. किंमत मात्र पहिल्या बदलात साधारण तिप्पट आणि दुसऱ्यात दहापट किंवा त्याहूनही अधिक होते. थोडक्यात, सर्वांत मोठा लाभ सर्वांत स्वस्त पायरीवरच पदरात पडतो.

शिवाय तो जादा प्रकाश आपल्याला प्रत्यक्षात किती वापरता येईल, हेही पाहिले पाहिजे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर 50 मिमीची लेन्स एफ/1.8 वर उघडून एक मीटर अंतरावरच्या चेहऱ्याचा फोटो काढला, तर सुस्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम 3 सेंटीमीटरचा असतो आणि एफ/1.2 वर तो 2 सेंटीमीटरच्याही किंचित खाली जातो. पापणीवर फोकस असेल तर कान धूसर दिसतो, आणि मूल जरासे पुढे झुकले की डोळेही धूसर होतात. त्यातच सुरुवातीच्या श्रेणीतील बहुतेक डीएसएलआरमध्ये लेन्सनुसार ऑटोफोकसची बारीक दुरुस्ती करण्याची सोय नसते. त्यामुळे हलणाऱ्या मुलांचे फोटो काढणारे अनेकजण अखेर एफ/2 ते एफ/2.8 दरम्यान स्थिरावतात, आणि तिथे महागड्या लेन्सच्या ज्या क्षमतेसाठी पैसे मोजले ती वापराविना राहते. एफ/1.2 ची बांधणी अधिक भक्कम असते आणि तिची पार्श्वभूमीची मऊ धूसरता अनेकांना मनापासून आवडते, हे मला मान्य आहे. व्यक्तिचित्रांवर चरितार्थ चालवणाऱ्याला मी कदाचित वेगळा सल्ला दिला असता.

आता मला एफ आकड्याहूनही महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. 50 मिमीला ‘स्टँडर्ड’ म्हणतात ते फुल फ्रेम, म्हणजे 35 मिमी फिल्मच्या आकाराच्या सेन्सरच्या हिशेबाने, कारण त्या सेन्सरचा कर्ण सुमारे 43 मिमी असतो आणि कर्णाच्या जवळपासची फोकल लांबी स्टँडर्ड मानतात. आपल्या कॅमेऱ्यावर तीच लेन्स निकॉन असेल तर 75 आणि कॅनन असेल तर 80 मिमीइतके अरुंद दृश्य दाखवते. एका चेहऱ्यासाठी ते सुंदर आहे, पण लहान खोलीत दोन-तीन मुले एका चौकटीत घ्यायची तर पाठ भिंतीला टेकते. आपल्यासाठी खऱ्या अर्थाने स्टँडर्ड ठरते ती 30 ते 35 मिमी. निकॉनची 35 मिमी एफ/1.8 डीएक्स (निकॉनचे एपीएस-सीसाठीचे नाव) लेन्स 2009 मध्ये नेमकी याच गरजेसाठी आली. सिग्माची 30 मिमी एफ/1.4 हाही एक पर्याय आहे. 50 मिमी इतकी स्वस्त का मिळते, याचे कारणही समजण्यासारखे आहे. डीएसएलआरमध्ये लेन्सचे माउंट (कॅमेऱ्याला लेन्स जोडण्याची कडी) आणि सेन्सर यांमध्ये आरशासाठी 44 ते 46.5 मिमी जागा सोडावी लागते. 50 मिमीच्या लेन्सला ती अडचण होत नाही, त्यामुळे 1896 च्या झाईस प्लानारपासून रुळलेल्या सममित रचनेत मोजक्या काचा पुरतात. 35 मिमीला तेवढ्या अंतरावर प्रतिमा पोहोचवण्यासाठी अधिक काचा लागतात. म्हणून 35 मिमीसाठी थोडे अधिक मोजावे लागले, तर तो खर्च मी वायफळ मानणार नाही.

हा निर्णय फुकटात करता येतो. संगणकावर आपले जुने फोटो फोकल लांबीनुसार लावून पाहावेत. त्यानंतर किट लेन्सची झूम रिंग आठवडाभर 35 वर आणि पुढचा आठवडाभर 50 वर ठेवून, ती न फिरवता, नेहमीचेच फोटो काढावेत. उत्तर स्पष्ट होईल.

बिनव्याजी हप्त्यांचे गणितही मांडून पाहावे. समजा, रोखीने घेतल्यास 6 टक्के सवलत मिळते आणि हप्त्यांत ती मिळत नाही. मग 94 ची वस्तू 12 समान मासिक हप्त्यांत 100 ला पडते, आणि सरासरी थकबाकी निम्म्याच काळाची असल्यामुळे त्याचा वार्षिक दर सुमारे साडेअकरा टक्के होतो. प्रक्रिया शुल्क असेल तर आणखी अधिक. माझा खरा आक्षेप मात्र याहून मूलभूत आहे. निधी अर्धा असताना वर्षभराचे बंधन घेणे म्हणजे उत्पन्नात खंड पडल्यास तीन महिन्यांचा आधार आणखी आखूड करणे होय. निधीत दरमहा जी रक्कम घालता ती तशीच चालू ठेवावी आणि लेन्ससाठी वेगळे पैसे बाजूला काढावेत, एफ/1.8 साठी फार महिने थांबावे लागणार नाही.

‘एकदाच घ्यावी’ हे तत्त्व माउंट टिकणार असेल तेव्हा लागू पडते. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही 2018 मध्ये फुल फ्रेम मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी नवी माउंट आणली आणि या कंपन्यांच्या नव्या लेन्स आता प्रामुख्याने त्या माउंटसाठीच येतात. ॲडॉप्टरने जुन्या लेन्स चालतात, त्यामुळे लहान गुंतवणुकीला धोका नाही. मोठी रक्कम जुन्या माउंटमध्ये अडकवणे मात्र मला पटत नाही.

वापरलेली लेन्स मिळाली तर अवश्य विचार करावा, कारण नवेपणाची घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. उजेडासमोर धरून आतील बुरशी व धुरकटपणा तपासावा, ॲपर्चरच्या (लेन्सचे छिद्र लहान-मोठे करणाऱ्या) पात्यांवर तेल नाही ना ते पाहावे आणि ऑटोफोकस आपल्याच कॅमेऱ्यावर चालवून पाहावा. निकॉन असल्यास स्वस्त मिळणारी जुनी 50 मिमी एफ/1.8 डी टाळावी. तिच्यात मोटर नसल्याने डी3000 आणि डी5000 मालिकेतील कॅमेऱ्यांवर तिचा ऑटोफोकस चालत नाही.

वर्षभराने आपल्या फोटोंची नोंद पुन्हा पाहावी. बरेचसे फोटो एफ/1.8 वरच काढलेले असतील, तरीही आयएसओ चढाच राहिला असेल आणि तोवर निधी पूर्ण झाला असेल, तर ही लेन्स विकून एफ/1.4 घेण्यास माझी हरकत राहणार नाही.