नाशिकमध्ये बेकरी सुरू करतोय, आठ माणसं ठेवली आहेत. पहिला पगार करण्याआधी कुठे कुठे नोंदणी करावी लागते?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: दुकान तुमच्या एकट्याच्या नावावर, भट्टीवर पाच पुरुष (पगार १४ ते १८ हजार), काउंटरला दोन मुली (१३ हजार) आणि मॅनेजर बाई २८ हजारांवर. सल्लागार म्हणतोय, पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा), टॅन (पगारातून आयकर कापून भरण्यासाठीचा क्रमांक) सगळं एकदमच काढून टाकू. ते लागतंच का, असं तुम्ही विचारलंय.

सगळं लागत नाही. पण जे लागतं ते पहिल्या पगारापासून लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. माझी कोल्हापूरला फ्लेक्स आणि छपाईची छोटी युनिट आहे, माझ्याकडून राहिलं होतं म्हणून सांगतो.

सगळ्यात आधी व्यवसाय कर. याच्या दोन नोंदण्या असतात आणि लोक हमखास घोळ करतात. पीटीईसी ही तुमची स्वतःची, धंदा करता म्हणून. वर्षाला २५०० रुपये, ३० जूनपर्यंत. पीटीआरसी ही मालक म्हणून. कामगारांच्या पगारातून कापून सरकारला भरायची. दोन्ही राज्याच्या जीएसटी विभागाच्या, म्हणजे महाजीएसटीच्या पोर्टलवर होतात. पुरुषाचा पगार साडेसात हजारांच्या वर गेला की कर सुरू होतो. १० हजारांपर्यंत महिना १७५, त्यावर २००, आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २५००. बायकांना एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत माफ आहे. म्हणजे तुमच्या काउंटरवरच्या दोघींचा एक रुपयाही कापायचा नाही, मॅनेजर बाईंचा मात्र कापायचा. पाच पुरुष आणि त्या, असे सहा जण: महिन्याला १२००, फेब्रुवारीत १८००. कराला पात्र असलेला पहिला माणूस कामावर आला की तीस दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा असतो, पगार झाल्यावर सवडीने नव्हे.

मी काय केलं? जून ते डिसेंबर, सात महिने, तीन माणसांना पूर्ण पगार हातात दिला. 'दोनशे रुपयांनी काय होतंय' असं वाटलं. जानेवारीत नोंदणी करायला बसलो तेव्हा मागचे ४२०० रुपये माझ्याच खिशातून गेले, वर व्याज. आता माणसांना म्हणणार तरी काय, की सात महिन्यांपूर्वीचे दोनशे परत द्या? माणसं हसली असती. म्हणून सांगतो, पहिल्याच पगाराच्या चिठ्ठीवर 'व्यवसाय कर २००' असं छापलेलं असू द्या. नंतर कापायला लागलात की तुम्ही पगार कमी केला असंच वाटतं.

दुसरा, सगळे विसरतात तो कामगार कल्याण निधी. पाच किंवा जास्त माणसं असली की लागू. जूनच्या आणि डिसेंबरच्या पगारातून माणशी २५ रुपये कापायचे, तुमचे ७५ घालायचे. माणशी सहामाहीला १०० होतात. रक्कम चहापाण्याची आहे, पण नोंदणी महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे वेगळी करावी लागते आणि जूनचा भरणा १५ जुलैपर्यंत, डिसेंबरचा १५ जानेवारीपर्यंत.

गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, केलाच असेल. आठ माणसांना पूर्ण नोंदणी नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांच्या आत द्या. बँक चालू खात्याला तीच पावती मागते, त्यामुळे ती बहुतेक झालेली असते.

आता सल्लागाराच्या पॅकेजबद्दल. पीएफ विसाव्या माणसाला लागू होतो, ईएसआयसी दहाव्याला. तुम्ही आठ आहात. पण आठ हे पगारपत्रकावरचे आठ की खरोखरचे? पहाटे मैदा उतरवायला ठेकेदाराची दोन पोरं येत असतील, तर मोजताना ती धरावी लागतात. घरातला भाचा पगार घेत असेल तर तोही आला. मग दहा कधी झाले ते कळत नाही. आणि पीएफ एकदा लागू झाला की नंतर माणसं कमी झाली तरी सुटत नाही. स्वखुशीनेही घेता येतो, चांगली माणसं टिकतात त्याने, फक्त हिशोब करून घ्या: वीसपेक्षा कमी माणसं असताना माणसाचे १० टक्के आणि तुमचे १०, वीस झाली की दोघांचे १२-१२, आणि तुमच्यावर विमा आणि प्रशासन खर्च धरून टक्काभर जास्त. ईएसआयसी त्यामानाने हलकी आहे. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना, मालकाचे ३.२५ टक्के आणि माणसाचे ०.७५. भट्टीवर काम आहे, भाजणं-पोळणं होणारच. दहावा माणूस ठेवायचा विचार असेल तर ती नोंदणी त्याच्या हजेरीच्या पहिल्या दिवसाआधी करा.

टॅन पगारासाठी सध्या नको. पगारावर टीडीएस (पगारातूनच आधी कापून भरायचा आयकर) कापायचा तो माणूस करपात्र असेल तर. २८ हजार महिना म्हणजे वर्षाचे ३ लाख ३६ हजार, तिथे कर बसतच नाही. प्रायव्हेट लिमिटेड असती तर गोष्ट वेगळी होती. कंपनी स्थापन करतानाच टॅन, पीएफ, ईएसआयसी आणि आपल्याकडे व्यवसाय कराची नोंदणीही त्याच अर्जातून होते. तुमचा सल्लागार कदाचित कंपन्यांची कामं जास्त करत असेल, म्हणून सवयीने ती यादी सांगतोय.

त्यापेक्षा तुमचा वेळ कागद जुळवण्यात घाला. प्रत्येकाचं आधार, बँक पासबुक आणि शाळेचा दाखला समोर ठेवून बघा. माझ्याकडच्या एका मशीनवाल्याचं आधारवर 'दत्तात्रय', पासबुकात 'दत्तात्रेय'; जन्मतारीख दाखल्यावर १ जून, आधारवर नोव्हेंबर. (आमच्या पिढीत गुरुजींनी निम्म्या गावाला १ जूनला जन्माला घातलंय.) पुढे पीएफ लागू झाला तेव्हा त्याचा खाते क्रमांक काढायला दीड महिना गेला. हे आत्ताच दुरुस्त करून घ्यायला सांगा.

आणि नोंदणीत मोबाईल नंबर तुमचाच द्या, ईमेलही तुमचाच. माझ्या पहिल्या सल्लागाराने स्वतःचा टाकला होता. आमचं बिनसल्यावर ओटीपी त्याच्या फोनवर जायचा आणि तो फोन उचलायचा नाही. पोर्टलवर नंबर बदलून घ्यायला गेलो तर आधी जुन्या नंबरवरचाच ओटीपी मागितला!

नोंदणी नाही, पण पगाराआधीच दोन गोष्टी बघा. १३ हजार ठरवण्याआधी तुमच्या परिमंडळातलं (किमान वेतनासाठी सरकारने पाडलेल्या भागातलं) बेकरीचं किमान वेतन तपासा, विशेष भत्ता, म्हणजे महागाईचा भत्ता, धरून. तो भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. दुसरं, नेमणूकपत्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांमध्ये (कामगार कायद्यांमध्ये) त्यावर भर आहे, म्हणून माणसं थोडी असली तरी प्रत्येकाला द्या, एक पान पुरे. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. उचल दिली असेल तर त्याच दिवशी वहीत सही घ्या, महिनाअखेरीस आठवून लिहू नका.