जर्मनीत खासगी आरोग्य विमा घेण्याआधी

एजंटने दाखवलेला कमी हप्ता पाहून लगेच सही करू नका. तुम्ही तिशीच्या आत आहात, एकटे आहात आणि पगार चांगला आहे. अशा माणसाला खासगी विमा सुरुवातीला स्वस्तच दिसतो.

नोकरदाराला खासगीत जायचं तर ठरावीक पगार लागतो. 2025 मध्ये ही मर्यादा वर्षाला 73,800 युरो होती आणि ती दरवर्षी बदलते. पण पात्र आहोत म्हणून जायलाच हवं असं नाही. खरा प्रश्न घरच्यांचा आहे. सरकारी विम्यात कमाई नसलेली बायको आणि मुलं तुमच्याच हप्त्यात येतात, वेगळे पैसे पडत नाहीत. खासगीत प्रत्येक डोक्यामागे वेगळा हप्ता. पुढच्या वर्षी लग्न करून बायकोला इकडे आणणार असाल, तर हा हिशेब आजच मांडा. शिवाय परतीची वाट अरुंद आहे. पगार मर्यादेखाली गेला तर परतता येतं, पण पंचावन्नी ओलांडल्यावर जवळजवळ नाहीच.

तरीही खासगीच घ्यायचा असेल, तर अर्जातले तब्येतीचे प्रश्न नीट वाचा. भारतात घेतलेले उपचारही त्यात येतात. थायरॉईड, पाठदुखी, जे विचारलंय ते सगळं लिहा. लपवलेलं पुढे उघडकीला आलं तर कंपनी करार रद्द करू शकते, आणि तेही नेमकं मोठं बिल समोर असताना.

दातांचे उपचार आणि दरवर्षी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, हेही बघून घ्या. कमिशनवर नव्हे, तर फी घेऊन सल्ला देणारा माणूस शोधा. ते पैसे वाया जात नाहीत.