पिल्लाच्या छातीतली मर्मर

नवीन पिल्लू घरी येतं, पहिल्या लसीला जातं आणि डॉक्टर कानातून स्टेथोस्कोप काढत म्हणतात, "मर्मर ऐकू येतेय." या एका वाक्याने घाबरलेल्या पालकांची बरीच पत्रं आली आहेत. म्हणून आजची सगळी उत्तरं याच विषयावर.

आमचं लॅब्राडॉरचं पिल्लू ८ आठवड्यांचं आहे. ग्रेड २ची मर्मर आहे म्हणाले. खातो, खेळतो, चपला पळवतो. पण आमची झोप उडाली आहे. तो जगेल ना? – नाशिक

जगण्याची शक्यता खूप चांगली आहे. मर्मर हा आजार नव्हे, तो आवाज आहे. वाळक्या पानांच्या सळसळीला आपण मर्मर म्हणतो ना, स्टेथोस्कोपमधून तसंच काहीसं ऐकू येतं. निरोगी हृदय लब-डब, लब-डब असं सुटं वाजतं. रक्ताचा प्रवाह कुठे खळाळला की त्या ठोक्यांमध्ये सळसळ मिसळते. आवाजाला १ ते ६ अशा पायऱ्या दिलेल्या आहेत. १ म्हणजे शांत खोलीत कान देऊन ऐकावं लागणारी, ५ म्हणजे छातीवर हात ठेवला तर तळव्याला थरथर जाणवणारी.

वाढत्या पिल्लांमध्ये १ किंवा २ ग्रेडची निरुपद्रवी मर्मर नेहमी सापडते. हृदय पूर्ण धडधाकट असतं. पिल्लू ४ महिन्यांचं होईपर्यंत ती बहुधा जाते, क्वचित ६ महिन्यांपर्यंत रेंगाळते. म्हणून आज धावपळ करू नका, पण विसरूही नका. प्रत्येक लसीच्या वेळी डॉक्टरांना पुन्हा ऐकायला सांगा आणि ग्रेड लसीच्या कार्डावर लिहून घ्या. छातीच्या दोन्ही बाजू ऐकायला सांगा, कारण लॅब्राडॉरमध्ये उजव्या बाजूच्या झडपेचा जन्मजात दोष असू शकतो आणि तो आवाज उजवीकडेच ठळक येतो. मर्मर वाढली किंवा ४-५ महिन्यांनंतरही टिकली तर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घ्यायचाच. गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर किंवा बॉक्सर असेल तर मी आणखी सावध राहते. त्यांच्यात महाधमनीच्या मुखाशी असलेलं अरुंदपण पिल्लू वाढेल तसं वाढू शकतं, त्यामुळे सुरुवातीचा मंद आवाज फसवतो.

पॉमेरेनियन, मादी, ३ महिने. ग्रेड ५. छातीला हात लावला की फोन व्हायब्रेट झाल्यासारखं वाटतं. ज्यांच्याकडून घेतली ते म्हणतात, "मोठी होईल तशी जाईल, थांबा." थांबावं का? – कोल्हापूर

नाही. कृपा करून थांबू नका, याच आठवड्यात इकोची वेळ घ्या.

न तपासता निदान सांगता येत नाही, पण लहान चणीची मादी, पॉमेरेनियन जात आणि हाताला लागणारी थरथर म्हटलं की माझ्या मनात पहिल्यांदा पीडीए येतो, म्हणजे जन्मानंतर मिटायला हवी ती नळी उघडीच राहण्याचा जन्मजात दोष. पोटात असताना पिल्लाची फुप्फुसं काम करत नसतात. रक्त तिथे न नेता थेट शरीराकडे वळवणारी एक छोटी नळी हृदयाजवळच्या दोन मोठ्या वाहिन्यांना जोडते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती मिटते. मिटली नाही तर शरीराकडे निघालेलं रक्त पुन्हा पुन्हा फुप्फुसांत शिरतं आणि डाव्या हृदयावर भार पडत राहतो. याचा आवाज ठोक्यांमध्ये थांबत नाही, पिठाच्या गिरणीसारखी अखंड घरघर चालू असते. तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: आवाज तुटक आहे की सलग? ती झोपली असताना मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटं हलके ठेवून पाहा. पीडीएमध्ये नाडी बोटांना जोरात धक्का देते आणि लगेच ओसरते.

उपचार न केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त कुत्री वर्षभरात दगावतात. वेळेत नळी बंद केली तर बहुतेक जण पूर्ण आयुष्य जगतात. हृदयरोगांत इतका स्वच्छ बरा होणारा दोष दुसरा क्वचितच असेल, म्हणून तो हातचा गेला की मला फार वाईट वाटतं. नळी छाती उघडून बांधता येते किंवा मांडीच्या धमनीतून छोटं उपकरण नेऊन बुजवता येते. अगदी चिमुकल्या पिल्लाची धमनी उपकरणासाठी अरुंद पडते, तिथे शस्त्रक्रियाच करतात.

"मोठी होईल तशी जाईल" यातला धोका ऐका. पीडीए असलेल्या काही पिल्लांमध्ये मर्मर खरंच जाते, कारण फुप्फुसांतला दाब वाढून रक्त नळीतून उलटं वाहू लागतं. खेळताना मागचे पाय लटपटतात, हिरड्या गुलाबी पण शेपटीखालची त्वचा निळसर दिसते. तिथे नळी बंद करणं घातक असतं. आवाज गेला, दोष राहिला, आणि उपचाराची संधीही गेली.

रस्त्यावरून गावठी पिल्लू आणलं, दीडएक महिन्याचं. अंगभर गोचिडं होती. डॉक्टरांनी ग्रेड ३ सांगितली. इको परवडणार नाही. – चिपळूण

आधी इको नको, आधी रक्त तपासा. रक्त पातळ झालं की ते जोरात खळाळतं आणि धडधाकट हृदयातही मर्मर येते. पिल्लाचा ओठ उचलून हिरडी बघा. अंगठ्याने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परतायला हवा, आणि तो रंग गुलाबी हवा. पांढुरकी हिरडी, डांबरासारखी काळी शी म्हणजे आकडेकृमी असण्याचा दाट संशय. ते आईच्या दुधातूनही पिल्लात येतात आणि आतड्यातून रक्त पितात. गोचिडं रक्त पितातच, शिवाय बबेसिया, एर्लिकिया हे आजारही देतात. तेव्हा रक्ताची पूर्ण तपासणी आणि स्लाइड करून घ्या, वजनाप्रमाणे जंताचं औषध डॉक्टरांकडूनच द्या. फार फिकट असेल तर रक्त चढवावं लागतं, तिथे उद्यावर ढकलू नका. गोठ्यातलं गुरांचं गोचिडांचं औषध या पिल्लाला लावू नका, त्याने पिल्लं मेलेली मी पाहिली आहेत. रक्त भरून आलं की पुन्हा छाती ऐकायची. बहुतेकदा काहीच ऐकू येत नाही.

फ्रेंच बुलडॉग, ५ महिने. इकोमध्ये पल्मोनिक स्टेनोसिस, ग्रेडियंट ६२. ब्रीडर म्हणतो, परत द्या, दुसरं देतो. घरात दोन तट पडलेत. – पुणे

पल्मोनिक स्टेनोसिस म्हणजे हृदयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप अरुंद असणं, आणि ग्रेडियंट म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक. तो ५० ते ८० म्हणजे मध्यम. ८०च्या वर गेलं तर अरुंद झडप फुग्याने रुंद करायचा विचार होतो, पण बुलडॉगमध्ये आधी हृदयाच्या धमन्यांची ठेवण तपासावी लागते, नाहीतर फुगाच जीवावर बेतू शकतो. मध्यम दोषात पिल्लू दमतं का, चक्कर येते का हे बघून औषध आणि पुढचा इको ठरतो.

परत देण्याबद्दल माझं मत सरळ आहे: त्याचं पुढे काय होईल हे ब्रीडरला विचारा. उत्तर लेखी आणि समाधानकारक नसेल तर देऊ नका. नवं पिल्लू त्याच आईबापांचं असेल तर तेही घेऊ नका. मात्र इकोचा कागद ब्रीडरकडे जाऊ द्या आणि ही जोडी पुन्हा लावू नका म्हणून स्पष्ट सांगा. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी असावीच लागते, ती आहे का तेही विचारा. ठेवायचं ठरलं तर गळपट्ट्याऐवजी हार्नेस वापरा आणि दुपारच्या उन्हात पळवू नका.

मर्मर असलेल्या पिल्लाला लस, फिरणं, नसबंदी चालते का? घरी काय लक्ष ठेवायचं? – ठाणे

तब्येत ठीक असेल तर लस चालते. पार्वो हा उलट्या आणि रक्ती जुलाबांचा विषाणूजन्य आजार मर्मरपेक्षा कितीतरी लवकर जीव घेतो. फिरणं त्याच्या मनाप्रमाणे, तो बसला की तुम्हीही थांबा. शेव, पापड, फरसाण देऊ नका. नसबंदीसाठी भूल द्यावी लागते, म्हणून मर्मरचा उलगडा होईपर्यंत ती पुढे ढकला.

घरी एकच काम नियमाने करा. पिल्लू गाढ झोपलं की शेजारी बसा आणि बरगड्या वर येऊन खाली गेल्या की एक, असे एका मिनिटात किती श्वास होतात ते मोजा. स्वप्नात पाय हलवत असेल तेव्हा मोजू नका. आकडा ३०च्या आत असतो. आठवडाभर रोज लिहून ठेवा, म्हणजे तुमच्या पिल्लाचा नेहमीचा आकडा कळेल. तो अचानक चढून ३०च्या वर राहू लागला, पिल्लू बसून मान ताणून श्वास घेऊ लागलं, जीभ निळसर झाली किंवा खेळता खेळता कोसळलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठा.