पुडी उघडली की दरवळ, कपात मात्र गरम पाणी

मागच्या वेळी सहज एक ओळ लिहिली होती, की फ्लेवरवाला चहा निवडताना आधी फ्लेवर विसरा आणि खालची पत्ती कशी आहे ते बघा. त्यावर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं, दोघंतिघं तर चक्क रागावलेत. सगळ्यांना पुरी पडणार नाही म्हणून निवडक घेतलेत, ज्यांचे राहिले त्यांनी पुन्हा विचारा.

प्रश्न: ताई, हौसेने सहा प्रकारची सुटी पत्ती आणली, पीच, व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, कॅरमेल वगैरे. डबा उघडला की पत्तीच खावीशी वाटते इतका भारी वास. पण कपात सगळे सारखेच, जरासं कडवट गरम पाणी. मला गंडवलंय की माझी जीभच गेलीये कामातून?

उत्तर: जीभ ठीक आहे हो तुमची. जिभेला कळणाऱ्या मुख्य चवी मोजून पाच, गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे मशरूमसारखी मुरलेली खमंग चव. पीच नावाची चव जिभेला माहीतच नाही, व्हॅनिला पण नाही. ते सगळं नाकाचं काम, आणि तेही समोरून नाही तर मागच्या दाराने, म्हणजे घोट गिळताना वाफ घशाच्या मागून वर नाकात जाते तेव्हा. पटत नसेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या, तोंडात नुसतं कोमट तुरट काहीतरी असेल, मग गिळता गिळता नाक सोडा, एकदम कॅरमेल हजर. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चार वेळा परत परत करून बघितलं, लहान पोरासारखं.

आता डब्यात एवढा वास आणि कपात का नाही. बहुतेक फ्लेवरवाल्या चहात काय करतात, तयार पत्ती मोठ्या फिरत्या पिंपात घालतात आणि वरून फ्लेवरचा अर्क फवारतात. तो बसतो पत्तीवर आणि मुळातच उडून जाणारा असतो, म्हणून तर झाकण काढल्या काढल्या अंगावर येतो. तुम्ही हुंगता तो अख्ख्या डब्याचा साठलेला वास, आणि कपात जाते जेमतेम दोन-तीन ग्रॅम पत्ती, वर ग्लासभर पाणी. त्यात कप उघडा ठेवलात तर उरलंसुरलं वाफेबरोबर गेलं. तेव्हा पत्ती मुरत असताना झाकण ठेवा, आणि काढाल तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्या, सगळ्यात खरा वास तिथे असतो.

तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. पिकलेल्या पीचमध्ये साखर असते, चहात नसते, आणि आपल्या मेंदूने पीचचा वास आणि गोडवा यांची गाठ मारून ठेवलेली आहे. एकाच किटलीतून दोन कप ओता, एकात पाव चमचा साखर घाला, फक्त पाव. साखरवाल्या कपात पीच कुठूनतरी उगवतो, थेंबभरही फ्लेवर जास्त नसताना. रोज साखर घालून प्या असं म्हणत नाहीये, पण फ्लेवर आहे की नाहीच हे ठरवायच्या आधी एकदा करून बघा. साखर घालूनही काही उगवलं नाही तर मात्र हो, गंडवलंय.

आणि तुमच्या सहांपैकी ज्यांचा बेस, म्हणजे खालची मूळ पत्ती, ग्रीन टी आहे त्यांवर उकळतं पाणी ओतलं असणार तुम्ही, त्याशिवाय सगळे कडवट लागायचे नाहीत. ग्रीनला ७५ ते ८० डिग्री पुरे, काळ्याला उकळतं चालतं.

प्रश्न: घरी दोन-तीन ब्रँडची तुलना नीट कशी करायची? आम्ही मैत्रिणी जमलो की प्रत्येकीला आपणच आणलेला चहा बेस्ट वाटतो.

उत्तर: वाटणारच, डबा कोणी आणला ते माहीत आहे ना. इथेच सगळं बिघडतं.

पहिली गोष्ट, चमच्याने मोजू नका. फुगीर पत्तीचा चमचाभर आणि बारीक तुटक पत्तीचा चमचाभर यात वजनाचा दुपटीहून जास्त फरक पडू शकतो, आणि मग हा चहा स्ट्राँग तो पांचट असं आपण म्हणत बसतो. किचनचा छोटा डिजिटल काटा घ्या. चहा चाखण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३, मूळ १९८० सालचं, त्यात १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं असं ठरवलेलं आहे. (ब्रिटनच्या मानक संस्थेच्या याच विषयावरच्या सहा पानी दस्तऐवजाला १९९९ मध्ये इग नोबेल, म्हणजे नोबेलची गंमत करणारं बक्षीस, मिळालं होतं, चहा कसा करावा यावर सहा पानं, हसू नका, उपयोगी आहे.) सहा मिनिटांत चहा कडक होतो, प्यायला छान लागावा म्हणून ते नाहीच आहे, पत्तीतले दोष उघडे पडावेत म्हणून आहे. तुम्हाला जड जात असेल तर तीन मिनिटं ठेवा, पण सगळ्यांना तीनच. एकच पाणी, एकसारखे पांढरे कप, एकाच वेळी ओतलेलं. पाणी फार जड असेल तर काळ्या चहावर तवंग धरतो आणि वास दबतो, तेव्हा फिल्टरचं घ्या.

क्रम पण बघा. नाजूक आधी, दांडगे शेवटी. मोगऱ्याच्या जातीतल्या जॅस्मिनचा वास असलेला ग्रीन टी पहिला, मग फळांचे, मग मसाल्याचे, आणि पाइनच्या धुरावर सुकवलेला लापसांग सूचाँग असेल तर एकदम शेवटी, कारण तो प्यायल्यावर पुढचा अर्धा तास सगळ्याला चुलीचा वास येतो. पुदिन्याचं पण तसंच. एका बैठकीत पाचाच्या वर जाऊ नका, नाक थकतं, आणि थकलंय हे आपल्याला कळत नाही, आपल्याला वाटतं चहाच फिका आहे. मध्ये साधं पाणी प्या, खिडकीत जाऊन या.

घोट चमच्याने घ्या आणि सुर्र आवाज करून ओढा. लाजू नका, व्यावसायिक चहा चाखणारे याहून मोठा आवाज करतात, हवेबरोबर ओढलं की वास मागून नाकात नीट पोचतो.

आता भांडण मिटवायचा उपाय. एकीने आत जाऊन तीन कप भरायचे, दोनात एकच चहा, तिसऱ्यात वेगळा, कपांच्या बुडाला चिकटपट्टीवर खूण. बाकीच्यांनी फक्त वेगळा कप ओळखायचा, चांगला कुठला ते विचारायचंच नाही. अंदाजपंचे सांगूनही तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून तीनदा करा, सलग तिन्ही वेळा नुसत्या नशिबाने बरोबर यायची शक्यता सत्तावीसात एक. मी हे नणंदेबरोबर केलं. माझा लाडका व्हॅनिला चहा आणि जो मी दोन वर्षं "कफ सिरप" म्हणून हिणवत होते तो, हे दोन होते. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा चुकले, तिसऱ्यांदा बरोबर आलं तर ती म्हणाली वहिनी, तेही तुम्ही रंगावरून ओळखलंत. खरं होतं. तेव्हापासून रंग कळू नये म्हणून गडद कप वापरते आणि कफ सिरप हा शब्द बंद केलाय.

प्रश्न: जॅस्मिन टी घेताना जास्त पाकळ्या दिसतात तो जास्त चांगला ना?

उत्तर: नाही, बऱ्याचदा उलटंच. पारंपरिक जॅस्मिन चहात फुलं वासापुरती येतात आणि निघून जातात. पत्ती असते वसंतातली, फुलं उन्हाळ्यातली, म्हणजे पत्ती आधी करून फुलांची वाट बघत ठेवतात. कळ्या दिवसा खुडायच्या, संध्याकाळी त्या उमलायला लागल्या की पत्तीत मिसळून ठेवायच्या, रात्रभर फूल वास सोडतं आणि पत्ती तो पिते, कारण सुकी चहापत्ती आजूबाजूचा ओलावा आणि वास दोन्ही ओढून घेते. सकाळी फुलं चाळून काढायची, फुलांच्या ओलाव्याने दमट झालेली पत्ती परत सुकवायची, आणि पुन्हा नवी फुलं. चांगल्या चहाला हे पाच-सात वेळासुद्धा करतात. चीनमधलं फूचौ यासाठी जुनं नावाजलेलं, आता फुलं मोठ्या प्रमाणावर ग्वांगशी भागातल्या हंगचौकडे होतात. वास देऊन झालेल्या पाकळ्या ठेवल्या तर नुसता कडवटपणा येतो, म्हणून महागातल्या जॅस्मिनमध्ये पाकळी क्वचित सापडते. डब्यात पाकळ्यांची रास असेल तर ती तुमच्या डोळ्यांसाठी आहे. अर्ल ग्रेमधल्या निळ्या पाकळ्यांचं पण हेच, कॉर्नफ्लॉवर नावाच्या निळ्या फुलाच्या असतात, चवीला शून्य.

प्रश्न: अर्ल ग्रेचं सगळे एवढं कौतुक करतात, मला साबण प्यायल्यासारखं होतं. माझंच काही चुकतंय का?

उत्तर: अजिबात नाही, तुमचं नाक फारच प्रामाणिक आहे. अर्ल ग्रे म्हणजे काळा चहा अधिक बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल, हे फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला कालाब्रियात होतं. त्या तेलात लिनालूल आणि लिनालिल अॅसिटेट ही वासाची द्रव्यं भरपूर, आणि हीच दोन लॅव्हेंडरमध्ये, म्हणजे पर्यायाने साबण, शांपू, अत्तरं सगळीकडे. तुमच्या नाकाने आधी साबण पाहिलाय, चहा नंतर, एवढंच. पण प्रमाणाचाही भाग आहे, हलक्या पत्तीवर सढळ हाताने तेल ओतलं की साबण पुढे येतो, आणि दणकट पत्तीवर बेताने घातलं की लिंबाच्या सालीचा ताजेपणा राहतो. एक करा, कप दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या आणि मग प्या. गरम असताना तेलाचा वास सगळं झाकतो, गार झाल्यावर पत्ती बोलते. चांगला असेल तर गारसुद्धा गुळगुळीत, जरा मधासारखा लागतो, आणि नसेल तर जिभेच्या कडा आवळणारा तुरटपणा तेवढा उरतो. ही गार कपाची परीक्षा मी सगळ्याच फ्लेवरना लावते.

नाव चार्ल्स ग्रे या दुसऱ्या अर्लवरून, जो १८३० ते १८३४ ब्रिटनचा पंतप्रधान होता. त्याला कोणा चिनी माणसाने ही रेसिपी भेट दिली वगैरे गोष्टी छान आहेत, पुरावा नाही.

आणि आवडत असेल त्यांच्यासाठी, कपभर-दोन कपांनी काही होत नाही, पण २००२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एका ४४ वर्षांच्या माणसाची केस आली होती, तो दिवसाला चार लिटरपर्यंत अर्ल ग्रे प्यायचा, त्याच्या स्नायूंना पेटके यायला लागले, साध्या चहावर आल्यावर ते गेले. चार लिटर. कमाल आहे.

प्रश्न: फ्लेवरवाल्या चहात दूध घातलं की फाटतं, काय करू?

उत्तर: साहित्य वाचा, जास्वंद असणार. बेरी नावाच्या बऱ्याच चहांत लाल रंग आणि आंबटपणा जास्वंदीचाच असतो आणि त्या आंबटाने दूध फाटतं. दूध हवंच असेल तर काळ्या बेसचे व्हॅनिला, कॅरमेल, मसाला हे घ्या. फक्त तुलना करताना नको, दुधातलं केसीन नावाचं प्रथिन चहाच्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, मग वाईट पत्तीसुद्धा शहाण्यासारखी वागते.

प्रश्न: एक चहा बिनसाखरेचा असून प्यायल्यानंतर कितीतरी वेळ घसा गोड राहतो. यात गुपचूप काही घालतात का?

उत्तर: गुपचूप नाही, साहित्यात लिहिलेलं असतं, ज्येष्ठमध. बहुतेक तेच. मसाल्याच्या आणि डेझर्ट टाइपच्या चहांत असतं. ब्लड प्रेशर असलेल्यांनी रोज किटल्या भरभरून पिऊ नये, त्यातल्या ग्लिसिरायझिनने प्रेशर वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, मला नको.

प्रश्न: सगळे चहा एका मोठ्या सुंदर लाकडी पेटीत ठेवलेत. चालेल ना?

उत्तर: बाई गं, नाही. मी हे केलंय. कागदी पुड्यांत आठ चहा, एक पेटी, महिन्याभराने आठही पुदिना. वर सांगितलं तसं पत्ती वास ओढते, ती शेजारणीचाही ओढते. त्यातला एक साधा, बिनफ्लेवरचा, जपून ठेवलेला होता, त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं. प्रत्येकाला वेगळा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, उजेड आणि गॅसची शेगडी दोन्हींपासून लांब. पेटीत बटणं ठेवा. आणि फ्लेवरवाला जास्त साठवू नका, पत्ती टिकली तरी वास आधी जातो.

प्रश्न: एकच पत्ती दुसऱ्यांदा वापरली तर चालते का?

उत्तर: चालते, आणि तुलनेसाठी तर जरूर वापरा. फवारलेला फ्लेवर पहिल्या पाण्यातच बराचसा निघून जातो, दुसऱ्या पाण्यात बेस उघडा पडतो. मुरवलेल्या जॅस्मिनला दुसऱ्या कपातही फूल लागतं. माझ्याकडच्या एका महागड्या स्ट्रॉबेरी चहाच्या दुसऱ्या पाण्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला होता, तो डबा आता पाहुण्यांसाठी आहे.