प्रशासनात गेलं की संशोधन संपतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही राज्य विद्यापीठात इतिहास शिकवता, नुकत्याच प्राध्यापक झालात, पुढच्या वर्षी विभागप्रमुखपद तुमच्याकडे येतंय आणि पुढे अधिष्ठातापदासाठी, म्हणजे विद्याशाखेच्या डीनपदासाठी, अर्ज करा असं लोक आत्तापासूनच सुचवतायत. पुस्तक मात्र अर्धं लिहून पडलंय. या वाटेला लागलं तर अभ्यास संपतो का?

मी त्याच वाटेने जाऊन आले. विषयही तोच, अठरावं शतक आणि मोडी कागद. दोनदा विभागप्रमुख होते, मग पाच वर्षं अधिष्ठाता, आता निवृत्त. अभ्यास संपत नाही. त्यातला एक प्रकार मात्र नक्की संपतो, आणि तो कोणता हे मला फार उशिरा कळलं.

"वेळच मिळत नाही" हे वाक्य तुम्ही प्रत्येक माजी अधिष्ठात्याकडून ऐकाल. ते पूर्ण खरं नाही. वेळ मिळतो, पण चिल्लर मिळतो. साडेअकराची बैठक रद्द झाली की तास सुटतो, विद्या परिषद लवकर आटोपली की दुपार सुटते. त्या तासात तुम्ही अर्धवट प्रकरण उघडता. पण मांडणी लिहायची म्हणजे पन्नास-साठ कागद एकाच वेळी डोक्यात जागे असावे लागतात. कुठल्या पत्राची तारीख संशयास्पद आहे, कोणता कारकून रक्कम नेहमी फुगवून लिहितो, हे सगळं आठवून बसेपर्यंत पाऊण तास जातो. आणि तेवढ्यात शिपाई नस्ती, म्हणजे फाइल, घेऊन दारात उभा असतो.

चिल्लर वेळात जे होतं ते वेगळं: लिप्यंतर, सूची, टिपा, मूळ कागदांचं संपादन, थोडंफार भाषांतर. सोडलं तिथून उचलता येईल असं काम. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे आप्पासाहेब पवार. 1962 साली शिवाजी विद्यापीठ सुरू झालं तेव्हाचे पहिले कुलगुरू, पेशाने इतिहासकार. त्यांच्या नावावर ठळकपणे काय आहे, तर ताराबाईकालीन कागदपत्रांचं संपादन. त्यांनी ते कसं जमवलं हे मी सांगू शकत नाही, पण स्वतः त्या खुर्चीत बसल्यावर कामाची ती जात मला फार ओळखीची वाटली.

तुम्हाला लोक पां. वा. काणे आणि इतिहासकार जदुनाथ सरकार यांची नावं ऐकवतील. मलाही ऐकवली, तीही सत्काराच्या भाषणात. पां. वा. काणे 1947 ते 1949 मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे पहिले तीन खंड 1930, 1941 आणि 1946 साली आले, चौथा 1953 मध्ये, पाचवा 1962 पर्यंत पुरा झाला. जदुनाथ सरकार 1926 ते 1928 कलकत्त्याचे कुलगुरू होते. मोगल साम्राज्याच्या पतनावरच्या त्यांच्या चार खंडांपैकी पहिला 1932 साली निघाला आणि शेवटचा 1950 साली. तेव्हा बघा, म्हणतात, करणारा करतोच.

करतो खरा. पण या सनावळ्या जरा नीट वाचा की! इतिहासवाल्या आहात. दोघेही दोन-दोन वर्षंच त्या पदावर होते. काण्यांचे तीन खंड तर खुर्चीत बसण्याआधीच छापून झाले होते. त्याहून मागे गेलात तर काशिनाथ त्रिंबक तेलंग 1892 मध्ये मुंबईचे कुलगुरू झाले तेव्हा हायकोर्टात न्यायमूर्तीही होते. म्हणजे ते पद असं होतं की दुसरं पूर्णवेळ काम सांभाळून करता यायचं. आज महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यानुसार कुलगुरूची मुदत पाच वर्षं किंवा वयाची पासष्टी, यातलं जे आधी येईल ते. अधिष्ठाताही पूर्वी, 1994 च्या कायद्यात, निवडून यायचा आणि आपल्या विभागात तास घेत राहायचा. आता निवड समितीपुढे मुलाखत होते आणि पद पूर्णवेळ असतं. तेव्हा काण्यांशी तुलना करून स्वतःला आळशी ठरवू नका. त्या मोहात मी तीन वर्षं घालवली.

आता दुसरी बाजू, कारण ती कुणी सांगत नाही. मानव्य विद्याशाखेचा माणूस प्रशासनात उपरा असतो असं त्याला स्वतःलाच वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. विद्यापीठ म्हणजे कागद. कार्यसूची, इतिवृत्त, परिनियम, परिपत्रक, टिपणी. आणि कागद वाचणं हाच तर आपला धंदा.

एक प्रसंग सांगते. जुन्या अभ्यासक्रमाचे काही विद्यार्थी अडकले होते. त्यांना आणखी दोन संधी द्यायच्या की नाही यावर परीक्षा विभाग म्हणत होता, तसा ठरावच नाही. विद्यार्थ्यांकडे ठरावाची झेरॉक्स होती. दोन्ही बाजू एकमेकांना खोटं पाडत होत्या, प्रकरण कोर्टात जायच्या बेतात. मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले आणि एकाच मजकुराच्या दोन प्रतींतले पाठभेद पाहतात तसे ओळीओळीने पाहिले. झेरॉक्स होती मसुद्याची, परीक्षा विभागाकडचं होतं ते पुढच्या बैठकीत कायम झालेलं इतिवृत्त. मसुद्यात "मान्यता दिली" होतं, कायम झालेल्यात "शिफारस केली". एवढाच फरक. मग शिफारस कुणाकडे गेली ते शोधलं, तर ती पुढच्या मंडळाच्या कार्यसूचीत आयत्या वेळच्या विषयांत आली होती आणि वेळेअभावी पुढे ढकलली गेली, ती कायमचीच. खोटं कुणीच बोलत नव्हतं. ठराव नव्याने ठेवला, मंजूर झाला, मुलं परीक्षेला बसली. माझ्या कुठल्याही शोधनिबंधाचा इतका रोकडा उपयोग झालेला नाही, आणि त्यात वापरलेली पद्धत मला मोडीच्या तासाला शिकवलेली होती.

नस्तीवरची भाषाही शिकून घ्या. "आदेशार्थ सादर" म्हणजे निर्णय तुम्ही घ्या, मी मोकळा. समासात वरिष्ठांनी "चर्चा करावी" लिहिलं की समजा नस्ती निदान महिनाभर झोपली, कारण कुणी कुणाशी चर्चा करावी हे त्यात कधीच लिहिलेलं नसतं. पेशवाईतले कारकून याहून फार वेगळे नव्हते, हे कळल्यावर माझं त्यांच्याबद्दलचं मत बरंच मवाळ झालं. पूर्वी मी त्यांच्यावर लबाडीचा आरोप फार सहज करायचे.

खरा त्रास झाला तो प्राध्यापकांच्या संशोधनाला द्यायच्या गुणांच्या तक्त्याचा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीत भाषा आणि मानव्य शाखांसाठी एका शोधनिबंधाला मूळ 10 गुण आहेत आणि राष्ट्रीय प्रकाशकाकडून निघालेल्या संपूर्ण पुस्तकालाही 10. सात वर्षं दप्तरखान्यात घालवून लिहिलेलं पुस्तक आणि बारा पानांचा निबंध, तक्त्यात दोन्ही सारखेच. अनुवादित पुस्तकाला 8. निवड समितीत बसून मी हे आकडे जुळवत असे आणि समोरच्या उमेदवाराला पुस्तक लिहायचा सल्ला कुठल्या तोंडाने द्यावा हे मला कळत नसे. नियम बदलायला मी काही करू शकले नाही. नॅककडून विद्यापीठाचं मूल्यांकन व्हायचं तेव्हा तर पेटंट किती आणि कन्सल्टन्सीचं उत्पन्न किती हे रकाने रिकामे सोडताना आमच्या विभागांतल्या लोकांना उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

तेव्हा माझं मत. विभागप्रमुखपद घ्या. ते पाळीने येतं, टाळलंत तर तो भार कुणातरी सहकाऱ्यावर पडेल आणि त्याची आठवण तो तुम्हाला वर्षानुवर्षं देत राहील. अधिष्ठातापदाचा अर्ज मात्र पुस्तक प्रकाशकाकडे गेल्याशिवाय करू नका. "तिथे बसून पूर्ण करीन" हे होत नाही. माझं नाही झालं. मीही अर्धं पुस्तक घेऊनच गेले होते. आठवड्यातला एक दिवस राखून ठेवायचा प्रयत्न केला, तो चार महिने टिकला. टिकलं ते एवढंच: सकाळी सहा ते साडेसात, फोन सुरू व्हायच्या आत, रोज एक कागद लिप्यंतर करणं. त्यातून पाच वर्षांनी कागदपत्रांचा एक संग्रह तयार झाला, टिपांसकट. त्याची प्रस्तावना मात्र पद सोडल्यावरच लिहिता आली, आणि पुस्तक तर मी मोडून पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं, कारण मधल्या काळात माझाच मुद्दा मला पटेनासा झाला होता.

पीएचडीचे विद्यार्थी त्या काळात नवीन घेऊ नका. मी दोन घेतले, आणि दोघांवरही अन्याय झाला.

पद सुटलं त्यानंतरच्या सोमवारी मी पुण्याच्या पुराभिलेखागारात गेले. ओळखीचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, मागवला, गाठ सोडली, वरचा कागद काढला. पूर्वी अशी पानं मी भरभर वाचायचे. त्या दिवशी पहिल्या चार ओळींना वीस मिनिटं लागली. घरी मी छायाचित्रांवरून काम करत होते, पडद्यावर अक्षर मोठं करून. मूळ कागदावरचं बारीक अक्षर डोळ्यांना पुन्हा सवयीचं व्हायला जवळपास तीन आठवडे गेले.