महिला बेसबॉलवरच्या 'अ लीग ऑफ देअर ओन' या चित्रपटात एका खेळाडूच्या मांडीवर दिसणारी जखम मेकअपची होती का?

नाही, ती खरी होती. अभिनेत्री रेने कोलमनला शूटिंगमध्ये बेसकडे (धावत गाठायच्या टप्प्याकडे) घसरताना झालेली. दोष गणवेशाचा. पुरुषांच्या पँटचं जाड कापड घर्षण झेलतं, आखूड स्कर्टमध्ये मात्र उघडी मांडी थेट मातीवर घासते आणि कातडी सोलून निघते. १९४३ ते १९५४ चाललेल्या खऱ्या महिला लीगमधल्या खेळाडूंनीही हेच सोसलं (स्कर्टचा हट्ट मालकांचा!). फक्त या चित्रपटाला 'सत्यकथा' म्हणताना जपून: लीग आणि संघ खरे, पण मुख्य पात्रं काल्पनिक. अंतिम लढतही बदललीय. पडद्यावर रॉकफर्ड पीचेस विरुद्ध रसीन बेल्स दिसते. प्रत्यक्षात १९४३ मध्ये रसीनने केनोशा कॉमेट्सना हरवलं होतं.